टेक्नोच्या तबकड्या विदर्भात जपताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या यवतमाळकडे पारा 45 च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखाली तर श्वास घेणं कठीण होतं. अशा घरात माझ्या टेक्नोच्या, म्हणजे यंत्रांवर रचलेल्या नाचाच्या संगीताच्या, साठेक तबकड्या आहेत. काही डेट्रॉइटच्या, काही बर्लिनच्या, आणि काहींच्या लेबलवर एक अक्षरही छापलेलं नाही. यातल्या चार माझ्याच चुकांनी गेल्या, म्हणून हे लिहितोय.

तबकड्या आडव्या रचून ठेवू नका. विनाइल म्हणजे पीव्हीसी. तापलं की नरम पडतं आणि वरच्या वजनानं वाकतं. नवतपा लागण्याआधी सगळं पोटमाळ्यावरून खाली आणा, मातीच्या भिंतीची खोली असेल तर तिथं उभं ठेवा. पश्चिमेची भिंत नको.

कूलरची खोली थंड म्हणून तिथं खोकी ठेवणं, ही चूक बहुतेक जण करतात. कूलरची हवा ओली असते. कागदी कव्हर फुगतात, त्यांना बुरशी लागते, आणि लगेच पावसाळा सुरू होतो. उधई लागू नये म्हणून लोखंडी रॅक घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

बोअरच्या पाण्यानं धुऊ नका. क्षार खाचांत बसतात आणि सुईखाली चरचरतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. घरात आजोबांच्या 78 च्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते.

आवाज पातळ येतोय, ठेका ऐकूच येत नाही? मध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारी पेटी, नसेल. सुई एकाच वर्तुळात फिरत राहते? तबकडी बिघडली असं लगेच समजू नका. टेक्नोत अशी बंद खाच मुद्दामही कापतात. वेग मिनिटाला 33 फेरे की 45, हा प्रश्न सगळ्यात अवघड. गाणारा आवाजच नसतो, त्यामुळे चुकीचा वेग कानाला कळत नाही. तबकडीवरून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना पिच, म्हणजे वेग कमी-जास्त करायची पट्टी, शून्यावर ठेवा आणि 24 बिटची वेव्ह फाइल करा. एमपी3 मध्ये आवाजाचा काही भाग गळतो, म्हणून ती एकमेव प्रत असू नये.

आता शेवटची चूक: तबकडीची माहिती स्वतःजवळच ठेवणं. तिनं होणारं नुकसान उन्हापेक्षा मोठं आहे.

जिल्ह्याच्या गावी एक काका होते. त्यांच्याकडे माझ्या तिप्पट माल. एकदा एका बिननावाच्या तबकडीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "सांगून देल्लं तं मंग माह्याजवळ काय रायते बापा?" मला त्यांचा राग आला नाही. आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन जमवलेलं ते. इंग्लंडात नॉर्दर्न सोलचे, म्हणजे जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचायच्या जलशांचे, डीजेही लेबलवर कागद चिकटवून नाव लपवत. पण काका गेले तेव्हा मुलानं खोकी उघडली, आणि प्रत्येक कव्हरावर नुसते आकडे होते. त्या आकड्यांचा अर्थ फक्त काकांना ठाऊक होता. निम्मा माल भंगारवाल्याकडे गेला.

याच्या उलटही घडतं. 1982 साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 303 हा बेस सिंथेसायझर आणि 808 हे ठेक्याचं यंत्र, अशी रोलँड कंपनीची यंत्रं वापरून, राग वाजवून एचएमव्हीसाठी तबकडी केली. ती विस्मरणात गेली. पुढे एका डच संग्राहकाला ती सापडली, आणि 2010 मध्ये त्यानं ती पुन्हा काढली. शिकागोच्या अ‍ॅसिड हाउसआधी, म्हणजे त्याच 303 च्या नादावर उभ्या राहिलेल्या नाचाच्या संगीताआधी, आपल्या माणसानं तसाच नाद काढला होता, हे तेव्हा जगाला कळलं. त्या संग्राहकानं ती खोक्यातच ठेवली असती तर?

म्हणून प्रत्येक कव्हरात एक चिठ्ठी टाका: तबकडी कुठून आली, कोणाकडून, वेग किती. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला आकडा त्यात हवाच. बिननावाच्या तबकडीची ओळख बहुतेकदा तेवढ्यावरच पटते. टॉर्च तिरपा धरा म्हणजे तो दिसतो, त्याचा फोटोही काढा. किंमत लिहायची नसेल तर नका लिहू. या चिठ्ठ्यांची नक्कल मी एका वहीत केली आहे, आणि ती वही सध्या माझ्या भाचीकडे आहे.