बंदीच्या ६१ दिवसांत करा सुरमई-कुप्याच्या हंगामाची तयारी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी आहे. नौका ओढून झाल्या, इंजिने उतरली, जाळी शाकारलेल्या मांडवाखाली आली. फळ्या बदलणे, डांबर-रंग, दोर बदलणे ही कामे कोणी सांगायची गरज नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. हा सल्ला त्या कामांखेरीज उरणाऱ्या एका कामासाठी आहे. सुरमई, तोवर, कुपा (टूना), गेदर, मुशी (शार्क) हे मासे आपल्या पाण्यात जन्मभर राहत नाहीत. आज आपल्या जाळ्यासमोर असलेला थवा काही महिन्यांनी दुसऱ्याच देशाच्या समुद्रात असू शकतो. अशा माशाची मासेमारी टिकवायची तर नुसते जाळे शिवून भागत नाही, कागद आणि वहीही तयार ठेवावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकरी सातबारा जपतो तसा नाखव्याने, म्हणजे नौकेच्या मालकाने, आपला पकडीचा हिशेब जपावा, इतकेच मला पुढे सांगायचे आहे.

कोणत्या पाण्यात कोणाचा कायदा

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा कायदा चालतो. आपल्याकडे तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. तिथून २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येते. त्यापलीकडे खुला समुद्र. कुप्याला या रेषा दिसत नाहीत, म्हणूनच १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात दूरवर स्थलांतर करणाऱ्या माशांसाठी वेगळे कलम घालावे लागले: ज्यांच्या पाण्यातून मासा जातो आणि जे तो पकडतात, त्या सगळ्यांनी मिळून त्याचे व्यवस्थापन करायचे. हिंदी महासागरात हे काम हिंद महासागर टूना आयोग करतो. त्याचे कार्यालय सेशेल्समधल्या व्हिक्टोरिया शहरात आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे.

आयोगाच्या यादीत १६ जाती आहेत. ही यादी फक्त खोल समुद्रातल्या मोठ्या कुप्यांची असेल असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपली सुरमई त्यात आहे, तोवरही आहे, गेदरही आहे. दालदीवाल्या, म्हणजे तरंगते जाळे लावणाऱ्या, छोट्या नौकेची पकडसुद्धा शेवटी या आयोगाच्या हिशेबात जाते.

साठा सावरतो का, असे कोणी विचारले तर पिवळ्या पराच्या कुप्याकडे बोट दाखवता येते. २०१५ मध्ये हिंदी महासागरातला त्याचा साठा अतिमासेमारीने घटलेला ठरला, २०१६ मध्ये पकडीवर बंधने घालणारी योजना आली आणि २०२४ च्या मूल्यमापनात साठा सुस्थितीत असल्याचे नोंदवले गेले. सुरमईचा साठा मात्र शास्त्रज्ञांनी ताणाखाली असल्याचे नोंदवले आहे. आणि सुरमई परदेशी महाकाय जहाजे संपवत नाहीत. ती पकडतात इंडोनेशिया, भारत, इराण, ओमान, पाकिस्तान या किनारी देशांतले आपल्यासारखेच मच्छीमार. हे कबूल करायला जड जाते, पण सुरमईचा प्रश्न आपल्याच जाळ्यांशी येऊन थांबतो.

वही घाला, आणि जातीप्रमाणे लिहा

कोणत्या देशाला किती कुपा पकडायची मुभा मिळावी यावर आयोगात वर्षानुवर्षे वाटाघाटी चालू आहेत. त्यात मागच्या वर्षांची नोंदलेली पकड हा मोठा आधार धरला जातो. जी पकड कागदावर नाही ती त्या टेबलावर नसते. लहान नौका असलेल्या देशांचे इथेच नुकसान होते. मासा मिळतो, विकला जातो, खाल्ला जातो, पण कुठे लिहिला जात नाही.

म्हणून जुलैतच एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि कोण लिहिणार ते आताच ठरवा. नौका चालवणाऱ्या तांडेलाला सुकाणूवरून उसंत नसते. शाळा शिकलेला एखादा तरुण खलाशी हे काम चांगले करतो. प्रत्येक फेरीला तारीख, जाळे टाकल्याची जागा जीपीएसवरून, जाळ्याची लांबी आणि आस (जाळ्याच्या डोळ्याचे माप), जाळे पाण्यात किती तास होते, कोणती जात किती नग आणि किती किलो, आणि काय सोडून दिले, एवढे लिहा. रिकाम्या हाताने परतलात तरी लिहा. ज्या फेरीत काहीच मिळाले नाही तिची नोंद शास्त्रज्ञाला भरलेल्या फेरीइतकीच लागते, कारण किती मेहनतीला किती मासा, यावरून साठ्याचा अंदाज बांधला जातो.

सगळ्यात जास्त चूक होते ती सगळ्याला ‘टूना’ किंवा ‘कुपा’ म्हणून एकाच आकड्यात टाकण्याची. जाती ओळखायला फार वेळ लागत नाही. पोटावर लांबीच्या दिशेने चार ते सहा काळ्या रेघा असतील तर तो स्किपजॅक. पाठीवर नागमोडी पट्टे आणि छातीच्या पराखाली काही काळे ठिपके असतील तर गेदर. शेपटीकडचा भाग लांबट, सडपातळ आणि पोटावर लांबट फिकट ठिपके असतील तर लांब शेपटीचा कुपा. मोठ्या माशाचे पाठीवरचे दुसरे पर आणि गुदपर विळ्यासारखे लांब नि पिवळे असतील तर तो पिवळ्या पराचा. फक्त लहानपणी पिवळ्या पराचा आणि मोठ्या डोळ्यांचा कुपा सारखे दिसतात, तिथे अनुभवी माणूसही फसतो. अशा वेळी ‘लहान, जात नक्की नाही’ असे लिहा आणि एक फोटो काढून ठेवा. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

लांबी मोजताना कुपा आणि सुरमई तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजतात, शेपटीच्या टोकापर्यंत नाही. नौकेच्या कडेला लाकडी पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवून ठेवल्या की समुद्रात टेप शोधावी लागत नाही. रंगकाम चालू आहे तोवरच ही पट्टी मारून घ्या.

जाळे, गळ आणि आस

तरंगत्या जाळ्याची लांबी आताच मोजा. २.५ किलोमीटरपेक्षा लांब तरंगते जाळे वापरण्यावर आयोगाच्या संपूर्ण क्षेत्रात १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, आणि त्यात देशांचे अनन्य आर्थिक क्षेत्रही येते. एका तुकड्याची लांबी गुणिले तुकड्यांची संख्या, असा सरळ हिशेब करा. हंगामात एकेक तुकडा जोडत जाळे कधी लांबते ते कळतही नाही.

दालदीची वरची दोरी पाण्याच्या पृष्ठभागापासून वावभर, म्हणजे जवळपास दोन मीटर, खाली राहील असे भेंडे बांधून बघा. पाकिस्तानातल्या कुप्याच्या नौकांवर असे करून पाहिले गेले, तेव्हा जाळ्यात अडकणारी कासवे आणि डॉल्फिन लक्षणीय कमी झाले. आपला फायदाही साधा आहे. कासव गुंतलेले जाळे फाटते, आणि ते सोडवण्यात अर्धी रात्र जाते. गळाने कुपा धरणाऱ्यांनी सरळ गळाऐवजी टोक आत वळलेला गोल गळ घ्यावा. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही, त्यामुळे सोडून द्यायचे जनावर जिवंत सुटते.

पर्ससीनवाल्यांसाठी, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळणारे जाळे वापरणाऱ्यांसाठी, राज्याच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवला आहे. ऑगस्टमध्ये बंदी उठली म्हणून पर्ससीन उठत नाही. एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून ट्रॉल (ओढत न्यायचे जाळे) ओढणे यांवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि राज्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात नेला. दिव्याभोवती मोठा आणि कोवळा मासा वेगळा होत नाही, सगळा एकत्र येतो. थवा करून फिरणाऱ्या जातींचे नुकसान दिव्यामुळे सर्वांत लवकर होते. या बाबतीत सवलत मागणाऱ्यांच्या बाजूने मला उभे राहता येत नाही.

कायद्यातली लांबी आणि माशाचे वय

२ नोव्हेंबर २०२३ रोजी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. सुरमईसाठी ती ३७० मिलिमीटर आहे. आता हे लक्षात घ्या की सुरमई साधारण ७० सेंटिमीटरच्या पुढे पहिल्यांदा अंडी धरते. म्हणजे कायद्याने चालणारी सुरमईसुद्धा अजून बाळच असते. कायदा ही खालची रेघ आहे, तिथेच थांबायचे असे नाही. दालदीची आस निवडताना ही ७० सेंटिमीटरची मादी डोळ्यासमोर ठेवा. जुनी जाळी बदलायची असतील तर मोठ्या आसाची घेण्याची हीच वेळ आहे, कारण एकदा जाळे विणले की ते चार-पाच हंगाम चालवावेच लागते.

तारलीबाबत केरळचा अनुभव पुरेसा आहे. तिथे २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले. समुद्राचे तापमान आणि खाद्य यांचा त्यात मोठा हात होता, पण संकटात असलेल्या थव्याची पिल्ले मासळीच्या कुटीसाठी (सुक्या मासळीच्या भुकटीसाठी) उपसली गेली की सावरायला मासा उरत नाही. केरळने तारलीसाठी १० सेंटिमीटर आणि बांगड्यासाठी १४ सेंटिमीटर ही किमान लांबी लावली आहे. दक्षिणेकडून वर सरकणारे थवे लक्षात घेता, त्याहून लहान तारली-बांगडा कुटीच्या गाडीत घालू नका असे मी प्रत्येक सोसायटीला सुचवेन.

मुशी आणि सोडून द्यायची जनावरे

व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. करवतमासे आणि मोठ्या गिटारमाशासारख्या जातीही तेव्हाच त्यात आल्या. लांब शेपटीच्या थ्रेशर मुशी नौकेवर ठेवायला आयोगाची मनाई आहे. मुशीचे पर कापून धड समुद्रात टाकणे २०१३ पासून बंद आहे, आणि परांची निर्यात २०१५ मध्ये बंद झाली. मुशी उशिरा वयात येते, पिल्ले थोडी देते. एकदा साठा बसला की आपल्या हयातीत उठेल याची खात्री नसते.

व्हेल शार्क किंवा कासव जाळ्यात आले तर जाळे कापा, जनावर सोडा, आणि सोडतानाचा व्हिडिओ काढा. महाराष्ट्रात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजनेतून अशा जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो-व्हिडिओ नसेल तर अर्ज अडतो. मोबाइल जलरोधक पिशवीत आणि चार्ज केलेला ठेवा. कापायला धारदार सुरी सुकाणूजवळ टांगलेली असावी, खणात सामानाखाली नको.

१२ मैलांपलीकडे जाणार असाल तर

४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नवे नियम अधिसूचित केले. यांत्रिकी आणि मोठ्या मोटार नौकांना आता १२ मैलांपुढे मासेमारीसाठी प्रवेश पास घ्यावा लागतो. तो रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीवरून विनाशुल्क मिळतो. पारंपरिक छोट्या नौकांना पास लागत नाही. सहकारी संस्था आणि मच्छीमार उत्पादक संस्थांना यात प्राधान्य आहे, म्हणून एकेकट्या नाखव्याने धावपळ करण्याऐवजी सोसायटीमार्फत अर्ज भरणे सोयीचे. नोंदणी, परवाना, विमा, खलाशांची ओळखपत्रे यांतले एखादे नाव किंवा इंजिनाचा क्रमांक जुळत नसेल तर अर्ज तिथेच थांबतो. कागद जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकमेकांशी ताडून पाहा, शेवटच्या आठवड्यात नको.

‘नभमित्र’ ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी पेटी, मिळाला असेल तर बंदीतच चालवून तपासा. खुल्या समुद्रात मोबाइल चालत नाही, तिथे संकटाचा संदेश याच पेटीतून जातो.

पकडलेल्या कुप्याची काळजी

कमी मासा पकडून जास्त मोल मिळवायचे तर बर्फावर कंजुषी करू नका. कुप्याचे रक्त गरम असते, तो मेल्यावरही आतून लवकर थंड होत नाही. वर येताच रक्त वाहू द्या, कल्ले-आतडी काढा, आणि बर्फ व समुद्राचे पाणी मिसळलेल्या खणात बुडवा. नुसत्या बर्फाच्या थरापेक्षा हा कालवलेला बर्फ माशाला सगळीकडून धरतो. ४ अंश सेल्सियसच्या वर मासा राहिला तर त्यात हिस्टामाइन वाढते, खाणाऱ्याला विषबाधा होते, आणि शिजवूनही ते जात नाही. असा माल परदेशातून परत येतो. मग समुद्रातून काढलेला मासा कोणाच्याच कामी येत नाही.

१ ऑगस्टला दर्या खवळलेला असेल तर पहिल्या दिवसाचा हट्ट धरू नका. हवामान खात्याचा इशारा उतरल्यावर हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या महासागर माहिती केंद्राकडून येणाऱ्या संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचना बघा. त्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून काढलेल्या असतात, त्यामुळे दाट ढगांच्या दिवशी त्या मिळतीलच असे नाही. सूचनेच्या जागी जाऊन काय मिळाले, किती डिझेल लागले, तेही त्याच वहीत लिहा. परत आल्यावर पान फाडून देऊ नका. लँडिंग केंद्रावर येणाऱ्या मत्स्य अधिकाऱ्याला किंवा संशोधन संस्थेच्या माणसाला फोटो काढू द्या, आणि वही नौकेवरच ठेवा.