पिनबॉल यंत्रातला अडकलेला रिले कसा दुरुस्त करावा

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत गॉटलिब, विल्यम्स आणि बॅली या शिकागोच्या कंपन्यांनी बनवलेल्या पिनबॉल यंत्रांत गुण मोजण्यापासून खेळाडूची पाळी बदलण्यापर्यंतचा सगळा कारभार रिले (कॉइलमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, वीज वाहिली की चुंबकाने ओढले जाणारे स्विच) सांभाळतात. त्यातला दहा गुणांचा रिले अडकला, तर आकडे फिरवणाऱ्या चक्राच्या कॉइलमधून प्रवाह अखंड वाहत राहतो आणि क्षणिक झटक्यांसाठी बनवलेली ती कॉइल थोड्याच वेळात जळते. म्हणून रिले अडकलेला दिसताच प्लग काढावा. मात्र काढताना नजर रिलेवरच ठेवावी, कारण निम्मे निदान त्या क्षणी होते.

प्लग काढताच रिलेची पट्टी (चुंबक ओढतो तो हलता लोखंडी भाग) सुटली, तर रिले निर्दोष आहे आणि त्याला कुठून तरी वीज मिळत राहते आहे. बरेच रिले एकदा ओढले गेले की स्वतःच्याच एका स्विचमधून स्वतःला धरून ठेवतात आणि ही साखळी तोडण्याचे काम दुसरीकडचा, एरवी जोडलेला असणारा स्विच करतो. गॉटलिबच्या यंत्रांत दहा गुणांच्या रिलेसाठी हा स्विच बहुधा आकड्यांच्या चक्रावर असतो, तर पन्नास गुणांसारख्या अनेक झटक्यांच्या कामासाठी तो स्कोअर मोटरवर (फिरता फिरता ठरावीक झटके देणाऱ्या मोटरवर) असतो. तो वेळेवर उघडत नसेल किंवा मैदानावरचा (गोळी फिरते त्या फळीवरचा) स्विच चिकटून बसला असेल, तर रिले कितीही घासला तरी फरक पडत नाही. सर्किटचा नकाशा समोर ठेवून तो स्विच आधी शोधावा.

प्लग काढूनही पट्टी चिकटूनच राहिली, तर दोष रिलेतच आहे. पट्टी बोटाने दाबून हळूहळू सोडावी. ती टच्‌कन मागे यायला हवी. रेंगाळत असेल, तर बिजागरीच्या जागी वाळलेले जुने तेल कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावे. तिथे पुन्हा तेल घालू नये. फवाऱ्याच्या डब्यातले तर मुळीच नको. स्प्रिंगचे टोक खाचेतून निसटले आहे का, तेही पाहावे. स्प्रिंग जरुरीपेक्षा जास्त ताणली, तर रिले पुरता ओढलाच जात नाही आणि घरघरत राहतो.

फसवा दोष उरलेल्या चुंबकत्वाचा. काही पट्ट्यांवर पितळी रिव्हेट असते, ते पट्टीला कॉइलमधल्या लोखंडी गाभ्यापासून किंचित दूर ठेवते. ते झिजले, की लोखंड लोखंडाला भिडते आणि वीज गेल्यावरही सुटत नाही. गाभ्याच्या तोंडावर पातळ कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा) तुकडा लावून तात्पुरते भागते. पक्का उपाय म्हणजे पट्टी बदलणे.

स्विचच्या धातूच्या पत्त्यांवरचे, एकमेकांना भिडणारे पॉइंट वितळून चिकटले असतील, तर चांदीच्या पॉइंटना बारीक पॉलिश पेपर पुरतो. टंगस्टनचे पॉइंट कठीण असल्याने कानस लागते. पत्त्या वाकवण्याआधी त्यांच्या गठ्ठ्याचे स्क्रू घट्ट करावेत, कारण मधले तुकडे वर्षानुवर्षे आकसतात आणि ढिल्या गठ्ठ्यात बसवलेले अंतर टिकत नाही. नंतर पत्ती वाकवण्याच्या हत्याराने, पत्ती बुडाशी धरून, उघड्या पॉइंटमध्ये सुमारे दीड मिलिमीटर अंतर ठेवावे. पॉइंट भिडल्यावर दोन्ही पत्त्या किंचित पुढे सरकायला हव्यात. त्या घर्षणानेच पॉइंट स्वच्छ राहतात.

अमेरिकेसाठी बनवलेले यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट जोडू नये. योग्य ट्रान्सफॉर्मरमधून वीज देऊन मैदानावरचा तोच स्विच वारंवार दाबावा आणि दर वेळी रिले ओढला जाऊन लगेच सुटतो का, ते प्लगवर हात ठेवून पाहावे.