ताऱ्याचं आयुष्य सुतळीवर कसं मांडायचं

मी पुण्यात पीएचडीसाठी ताऱ्यांच्या उत्क्रांतीची संगणकीय मॉडेल्स करते. अधूनमधून शनिवारी शाळांत जाते, तेव्हा लॅपटॉप घरी ठेवते आणि सुतळी नेते.

आधी ताऱ्याचं मॉडेल स्वतः चालवा. ताऱ्याची उत्क्रांती मोजणारा 'मेसा' हा कोड मोफत मिळतो, लिनक्स आणि मॅकवर चालतो. इनलिस्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये सुरुवातीचं वस्तुमान १ लिहा, म्हणजे सूर्याएवढं. नमुना फाइलमध्ये तारा हायड्रोजन जाळायला स्थिरावला की, आणि गाभ्यातला हायड्रोजन संपत आला की, थांबायच्या अटी असतात, त्या काढा. हेलियम पेटेपर्यंत चालवलं तरी शाळेला पुरतं. कोड निकाल लिहितो त्या हिस्टरी फाइलमधले चारच रकाने लागतात: वय, गाभ्यातला हायड्रोजन, पृष्ठभागाचं तापमान, तेजस्विता.

आता जपायची गोष्ट. त्या फाइलमधली प्रत्येक ओळ सारख्या वर्षांची नसते. तारा शांत असतो तेव्हा कोड कोट्यवधी वर्षांची ढांग टाकतो. गाभ्यातला हायड्रोजन संपला की जपून, छोटी पावलं टाकतो. पहिल्या वेळी मी दर पन्नास ओळींना एक मणी ओवला, तापमानाप्रमाणे पिवळा किंवा लाल, आणि निम्म्याहून जास्त सुतळी लाल झाली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, मग सूर्य पिवळा असतानाच आपण आलो, हे नशीबच ना?" नशीब नव्हे, माझी चूक. मी तिला तिथेच तसं सांगितलं.

म्हणून मणी वयाच्या रकान्यावरून, पट्टीनं मोजून ओवा. सुतळी आणि मणी पुण्यात बोहरी आळीत मिळतात. तेरा मीटर घ्या. १ मीटर म्हणजे १ अब्ज वर्षं. आजचा सूर्य ४.६ मीटरवर. गाभ्यातला हायड्रोजन १० मीटरच्या आसपास संपतो, नेमकी जागा तुमच्या रनमधून घ्या. लाल मणी पार टोकाशी जातात. डायनोसॉर संपल्याची गाठ आजच्या ६.६ सेंटीमीटर मागे मारा. मुलं तिथेच घोटाळतात, घोटाळू द्या.

मग वस्तुमान १५ करून दुसरा तारा चालवा. त्याचं अख्खं आयुष्य सव्वा सेंटीमीटरच्या आसपास भरतं. तेवढा तुकडा कापून मुलांच्या हातात द्या, अंगठ्याच्या नखाशी लावून बघू द्या. फेब्रुवारीत संध्याकाळी मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी दाखवा, तो असाच भारी तारा. "भारी तारा लवकर का संपतो?" हे कुणीतरी विचारतंच. उत्तर देण्याआधी दोन्ही ताऱ्यांच्या तेजस्वितेचे आकडे फळ्यावर लिहा आणि थांबा.