ओपन सोर्सच्या बातम्या: काय वाचावं, काय सोडून द्यावं

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, अशा सॉफ्टवेअरच्या घडामोडींचा माग ठेवायचा ठरवलं की बहुतेक जण आधी चांगल्या साइट शोधायला लागतात. आठवडाभरात पंधरा ठिकाणी नाव नोंदवून होतं, महिनाभरात न वाचलेल्या मेलचा ढीग साचतो आणि उत्साह मावळतो. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केलेली बरी.

आधी स्वतःची यादी करा

एक साधी टेक्स्ट फाइल उघडा आणि आपलं काम कशाकशावर चालतं ते लिहून काढा: ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्रामिंगची भाषा, डेटाबेस, फ्रेमवर्क आणि ज्यांच्यावाचून प्रोजेक्ट उभाच राहणार नाही अशा चार-पाच लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच). प्रत्येक नावापुढे सध्या वापरात असलेली आवृत्ती लिहा. प्रोग्रामर नसाल, नुसतं लिनक्स आणि लिबरऑफिस वापरत असाल, तर यादी तीन-चार ओळींत संपेल. तेवढी पुरे. इथून पुढे कुठलीही बातमी समोर आली की पहिला प्रश्न एकच: यादीतल्या कशाशी तिचा संबंध आहे का?

तारखा कॅलेंडरवर टाका

या क्षेत्रातल्या निम्म्याअधिक ‘बातम्या’ खरं तर वेळापत्रक असतात. उबुंटूची नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, असते आणि तिला ५ वर्षं नेहमीचा सपोर्ट मिळतो. पायथन भाषेची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते. गो भाषेची आवृत्ती फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, जावाची मार्च आणि सप्टेंबरमध्ये, रस्टची दर ६ आठवड्यांनी, लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) साधारण ९-१० आठवड्यांनी. पोस्टग्रेस या डेटाबेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला. हे एकदा ठाऊक झालं की ‘अमुकची नवी आवृत्ती आली’ असले मथळे डोळ्यांआड करता येतात. ती येणारच होती.

त्याहून महत्त्वाची तारीख म्हणजे सपोर्ट संपण्याची. पायथनची प्रत्येक आवृत्ती ५ वर्षं सांभाळली जाते, पोस्टग्रेसचीही तितकीच. त्यानंतर सुरक्षेचे पॅचही (दुरुस्त्याही) येत नाहीत. तेव्हा यादीतल्या प्रत्येक आवृत्तीपुढे तिची शेवटची तारीख लिहा आणि त्याच्या सहा महिने आधीचा रिमाइंडर लावून ठेवा. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. ती तारीख आधी २०१५ ची होती, २०१४ मध्ये ती पाच वर्षं पुढे ढकलली गेली, आणि तरीही शेवटच्या क्षणी धावाधाव करणारे कमी नव्हते.

तारखा ठरल्यापेक्षा आधीही येतात, हेही लक्षात असू द्या. सेंटओएस ८ ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम चालेल २०२९ पर्यंत, असं लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की ते २०२१ च्या अखेरीस थांबणार. म्हणून ही यादी वर्षातून दोनदा तरी ताडून पाहा.

बातमी आपल्याकडे येऊ द्या

यासाठी आरएसएस फीड रीडर लागतो. साइटवर नवं काही आलं की तिच्या फीडमधून ते उचलून एका जागी दाखवणारं हे ॲप. २०१३ मध्ये गूगल रीडर बंद झालं तेव्हा आरएसएसही संपलं असा अनेकांनी समज करून घेतला. ते आजही व्यवस्थित चालतं, मोफत रीडर भरपूर आहेत, आणि मुख्य म्हणजे तुम्ही काय आधी पाहावं हे तिथे कुठला अल्गोरिदम ठरवत नाही.

यादीतले प्रकल्प गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर असतील तर रेपॉझिटरीच्या (त्या प्रकल्पाच्या) पानावर ‘वॉच’ दाबा, त्यात ‘कस्टम’ निवडा आणि फक्त ‘रिलीजेस’वर खूण करा. सगळं चालू ठेवलंत तर प्रत्येक तक्रार आणि प्रत्येक उत्तर मेलमध्ये येऊन आदळेल. मेल नकोच असेल तर रिलीजेसच्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘.atom’ जोडा. तो पत्ता थेट फीड रीडरमध्ये चालतो.

सर्वसाधारण माहितीसाठी दोन स्रोत खूप झाले. लिनक्स आणि त्याभोवतीच्या जगासाठी एलडब्ल्यूएन हे १९९८ पासून चालू असलेलं साप्ताहिक मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. ताजे लेख आधी वर्गणीदारांना मिळतात, थोड्या दिवसांनी तेच सगळ्यांना खुले होतात. घाई नसेल तर पैसे न भरताही सगळं वाचून होतं. हॅकर न्यूज ही वाचकांनी टाकलेल्या दुव्यांची साइट अधूनमधून चाळायला हरकत नाही, पण तिथला क्रम मुख्यतः मतांवर लागतो. मतं कुतूहल सांगतात. तुमच्या कामाला काय लागेल ते सांगत नाहीत. आणि मथळ्यात ‘क्रांतिकारी’ हा शब्द दिसला की तो लेख मी उघडतच नाही.

रिलीज नोट्स खालून वाचा

नव्या आवृत्तीसोबत तिच्यातल्या बदलांची नोंद येते, तीच रिलीज नोट्स. त्यात आवृत्तीचा आकडा आधी पाहा. ४.२.१ मधला पहिला आकडा बदलला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा बदलला तर नव्या सोयी आल्या, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्त्या. हा संकेत बरेच प्रकल्प पाळतात, सगळे नाही. लिनक्स कर्नलमध्ये पहिला आकडा वाढण्याला तसा काही खास अर्थ नसतो. पायथनमध्ये तर दुसरा आकडा बदलतानाही जुन्या गोष्टी निघून जातात, ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधण्याचं जुनं साधन काढून टाकलं आणि कित्येकांचे प्रोजेक्ट तिथेच अडकले.

म्हणून नोट्स उघडल्या की आधी ‘ब्रेकिंग’, ‘रिमूव्ह्ड’, ‘डेप्रिकेटेड’ आणि ‘सिक्युरिटी’ हे शब्द शोधा. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे आज चालतंय, पण पुढे कधीतरी काढणार. ते यादीत टिपून ठेवा. नव्या सोयींचं कौतुक वर ठळक छापलेलं असतंच, ते सवडीने वाचा.

सुरक्षेच्या बातमीला वेगळा नियम

बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे नाही. पण घाबरून जायचंही कारण नाही. सापडलेल्या त्रुटींना सीव्हीई क्रमांक मिळतो (ही पद्धत १९९९ पासून आहे) आणि तीव्रतेचे ० ते १० गुण. गुण पाहून निर्णय घेऊ नका.

दोन उदाहरणं पाहा, दोन्ही १० गुणांची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत सापडलेली त्रुटी जगभर पसरलेली होती, आणि ती आपल्याकडे आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं, कारण ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात दडलेली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल लहान करण्याच्या साधनात मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघड झाला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून शिरण्याची पद्धत) लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं आणि तो मागे लागला. पण बाधित आवृत्त्या दोनच होत्या, ५.६.० आणि ५.६.१, आणि लिनक्सच्या बहुतेक स्थिर वितरणांत त्या पोचल्याच नव्हत्या. आपली आवृत्ती तपासली की विषय संपत होता.

तेव्हा विचारायचं ते एवढंच: हे माझ्याकडे आहे का, थेट किंवा दुसऱ्या कशाच्या आतून? कोणती आवृत्ती? बाहेरून तिथवर कोणी पोचू शकतं का? दुरुस्त आवृत्ती आली का? आतून येणाऱ्या लायब्रऱ्या हाताने तपासणं अवघड असतं. गिटहबवर डिपेंडाबॉट या आपोआप तपासणी करणाऱ्या सोयीच्या सूचना चालू केल्या की ते काम बऱ्याच अंशी आपोआप होतं. त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होतोय का, हे अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेच्या जाहीर यादीत कळतं. तिथे नाव असेल तर हातातलं काम बाजूला ठेवा.

परवाना आणि मालकी

या बातम्या रटाळ वाटतात आणि नेमक्या त्याच पुढे महागात पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या साधनाचा परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प, निघाला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने परवाना बदलला. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या पाठबळाने व्हॅल्की हा त्याचा फोर्क उभा राहिला. पुढे मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय मिळाला. पहिल्याच आठवड्यात घाईने स्थलांतर करणाऱ्यांना हे वळण दिसणं शक्य नव्हतं. अशी बातमी आली की दोन गोष्टी पाहा: नव्या अटी तुमच्यासारख्या वापरणाऱ्याला लागू होतात की फक्त ती सेवा विकणाऱ्या कंपन्यांना, आणि फोर्कवर खरंच काम करणारे किती जण आहेत.

प्रकल्प कोण सांभाळतंय याकडेही लक्ष असू द्या. एक्सझेडचा भार मुख्यतः एका माणसावर होता. मदतीला आलेल्याने दोन वर्षांहून अधिक काळ इमाने काम करून विश्वास मिळवला आणि मग घात केला.

वेळ किती द्यायचा

आठवड्यातून एकदा, तासाभराच्या आत. सुरक्षेच्या सूचना तेवढ्या लगेच, बाकी सगळी नोटिफिकेशन बंद. कुणी सारांश लिहिला असेल, मग तो माणसाने असो वा एआयने, तर पटकन मूळ घोषणा उघडून आवृत्तीचा आकडा आणि तारीख जुळवून पाहा. चुका बहुधा तिथेच होतात. आणि तीन महिन्यांत ज्या फीडमधलं काहीच उघडलं नाही, तो काढून टाका. गरज पडली तर परत जोडायला मिनिटभरही लागत नाही.