आयलंड पीकची आखणी : राखीव दिवस नेमका कुठे ठेवला आहे, ते आधी पाहा

सह्याद्रीत बरीच वर्षे भटकून आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करून आलेल्या मंडळींना पुढे आयलंड पीक खुणावू लागते. नेपाळच्या खुंबू भागातले हे 6,189 मीटर उंचीचे शिखर इम्जा त्से या नावानेही ओळखले जाते. त्याचा परवाना नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशनकडून मोहीम आयोजित करणारी एजन्सी काढून देते आणि चढाईचे मुख्य हंगाम एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आहेत, एवढे आपल्याला ठाऊक असेल असे मी धरून चालतो. मला सांगायचे आहे ते वेळापत्रकाविषयी, कारण माझी पहिली मोहीम वेळापत्रकातल्या एका ओळीपाशी अडली आणि ते आजही मला सलते.

आमच्या वेळापत्रकात ‘राखीव दिवस : एक’ असे स्पष्ट छापलेले होते. चढाईच्या रात्री आयलंड पीकच्या बेस कॅम्पवर वारा सुटला, तंबूचे कापड फडफडत राहिले आणि मध्यरात्रीनंतर आमच्या शेर्पा गाईडने बाहेर जाऊन पाहून आज निघायचे नाही असे सांगितले. तो निर्णय अगदी योग्य होता. आता उद्या रात्री निघायचे, असे आम्ही सगळेच गृहीत धरून बसलो असताना सकाळी चहाच्या वेळी कळले, की तो राखीव दिवस काठमांडूतला होता. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचे विमान रद्द झाले तर उपयोगी पडावा म्हणून तो शेवटी ठेवलेला होता. शिधा मोजून आणलेला होता, पोर्टरना पुढच्या गटाचे काम ठरलेले होते आणि आमची परतीची तिकिटे निघालेली होती. आम्ही उतरलो. उतरताना लागणाऱ्या डिंगबोचे गावाहून हे शिखर समोर दिसते. 1951 साली ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांच्या तुकडीने ते इथूनच पाहिले आणि बर्फाच्या समुद्रातल्या बेटासारखे दिसते म्हणून त्याला आयलंड पीक हे नाव दिले. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा माथ्यावर वाऱ्याचे चिन्हही नव्हते.

म्हणून हा मुद्दा थोडा लांबला तरी नीट मांडतो. या मोहिमेत दोन वेगवेगळे धोके असतात आणि त्यांना दोन वेगवेगळे राखीव दिवस लागतात. पहिला धोका लुक्लाच्या विमानाचा. ढग उतरले की तिथली उड्डाणे थांबतात, शिवाय गर्दीच्या हंगामात बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, त्यामुळे मध्यरात्री निघून चार-पाच तासांचा रस्ता कापावा लागतो. दुसरा धोका शिखरावरच्या हवामानाचा, आणि त्यासाठीचा दिवस बेस कॅम्पआधीच्या छुकुंग या मुक्कामी किंवा बेस कॅम्पवरच असायला हवा. काठमांडूत ठेवलेला दिवस शिखरासाठी वापरता येत नाही, हे वाचताना उघड वाटते, पण कागदावर दोन्ही दिवस अगदी सारखेच दिसतात. एजन्सीला विचारताना राखीव दिवस आहे का, एवढेच विचारू नये. तो कोणत्या मुक्कामी आहे, त्या दिवसाचा शिधा वर नेला जाणार आहे का, गाईड आणि पोर्टरची त्या दिवसाची मजुरी आपल्या पैशांत धरलेली आहे का, आणि तो दिवस वापरायचा की नाही हे ठरवणार कोण, हे सगळे विचारावे. एक चांगली रात्र मिळाली तर तो दिवस वाया जातो, हे खरे आहे. तो वाया जावा अशीच इच्छा धरावी, पण तो वगळून पैसे वाचवू नयेत.

वेळापत्रक हातात आले की प्रत्येक मुक्कामापुढे झोपण्याची उंची लिहून काढावी. लुक्ला सुमारे 2,860 मीटरवर आहे, नामचे बाजार 3,440, तेंगबोचे 3,860, डिंगबोचे 4,410, छुकुंग 4,730 आणि बेस कॅम्प सुमारे 5,087. साधारण 3,000 मीटरनंतर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य नियम आहे. नामचेची चढण या नियमात बसत नाही, म्हणूनच तिथे दोन रात्री काढतात. डिंगबोचेलाही दोन रात्री हव्यातच, आणि छुकुंगला एक जादा दिवस घेऊन छुकुंग री हे जवळचे शिखर चढून यावे. कमी दिवसांची सहल विकणाऱ्या एजन्सी नेमक्या याच रात्री कापतात. चढाईच्या रात्री बेस कॅम्पपासून माथ्यापर्यंत 1,100 मीटर चढायचे असते आणि ते सगळे उतरूनही यायचे असते. ज्या शरीराला 5,000 मीटरची सवय झालेली नाही, त्याच्याकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

दर रविवारी सिंहगड दोनदा चढणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते. दम आणि पाय हवेतच, विशेषतः उतरताना, पण विरळ हवेची सवय ही वेगळी गोष्ट आहे आणि ती व्यायामाने मिळत नाही. साधारण 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. तरुण आणि तगडी माणसे घाई करतात, म्हणून तीच अनेकदा आधी आजारी पडतात. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासासाठी उपयोगी औषध आहे आणि ते डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असल्यास तसे आवर्जून सांगून, जरूर घ्यावे. मात्र ते घेतले की डिंगबोचेची रात्र गाळता येते, असे जो सांगतो त्याच्याबरोबर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. उतरण्याला पर्याय नाही.

चढाईच्या कौशल्याबद्दल मात्र मी नवख्यांना धीर देईन. 1953 साली या शिखरावर चढाई झाली ती एव्हरेस्टच्या तयारीचा सराव म्हणून, आणि तेव्हापासून ते सरावाचे शिखर म्हणूनच ओळखले जाते. पण सराव करणाऱ्यांत तेनसिंग नोर्गे होते, हे सोपेपणाची हमी देणाऱ्यांनी विसरू नये. अवघड भाग म्हणजे माथ्याखालची हेडवॉल, म्हणजे बर्फाची उभी भिंत. तिथे गाईड दोर बांधून ठेवतात आणि आपण जुमारने, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणाऱ्या पकडीने, चढतो. दोर ठरावीक अंतरावर अँकरला, म्हणजे बर्फात किंवा खडकात पक्क्या केलेल्या आधाराला, बांधलेला असतो. अँकरपाशी आल्यावर आधी सेफ्टी कॅरॅबिनर (आपल्या पट्ट्याला जोडलेली उघडमीट होणारी कडी) अँकरच्या वरच्या दोरात अडकवायचा, मगच जुमार खालच्या दोरातून सोडवून वर लावायचा, म्हणजे कोणत्याही क्षणी आपण दोरापासून सुटे नसतो. हे जाड हातमोजे घालून, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात, मागे माणसे खोळंबलेली असताना करायचे असते. घरी खिडकीच्या गजाला दोर बांधून, जमिनीवर उभे राहूनच, अंधारात आणि हातमोजे घालून हा क्रम हाताला वळण लागेपर्यंत करावा. उतरण्यासाठी फिगर ऑफ एटमध्ये (इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या साधनात) दोर ओवण्याचाही असाच सराव करावा. हे जमते. अगदी साध्या, पन्नाशीच्या माणसांनाही जमलेले मी पाहिले आहे.

रजा मिळत असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. जवळजवळ चार आठवडे जातात, पण बर्फावर क्रॅम्पॉन (बुटांखाली बसवायचे अणकुचीदार काटे) घालून चालणे आणि घसरल्यावर आईस ॲक्सने (बर्फाच्या कुऱ्हाडीने) स्वतःला थांबवणे हे तिथे शिस्तीने अंगात भिनते. रजा नसेल त्यांनी बेस कॅम्पवर निदान अर्ध्या दिवसाचा सराव वेळापत्रकात लिहून घ्यावा. सल्ला विचारायचा तर आपल्या गिर्यारोहण संस्थेतल्या अशा ज्येष्ठांना विचारावा जे शिखराच्या जवळून परत फिरले आहेत. कधी आणि का फिरलात, हे विचारल्यावर मिळणारे उत्तर सामानाच्या कोणत्याही यादीपेक्षा मोलाचे असते. एकदाच, स्वच्छ हवेत जाऊन आलेली माणसे प्रेमाने सांगतात, पण त्यांना एकच आयलंड पीक माहीत असते.

एजन्सी पारखण्याची माझी एक साधी खूण आहे. माथ्यावरून एव्हरेस्ट दिसेल, असे जाहिरातीत लिहिले असेल तर पुढे वाचू नये. शेजारच्या ल्होत्से शिखराची प्रचंड दक्षिण भिंत मध्ये असल्यामुळे तिथून एव्हरेस्ट दिसत नाही, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याला शिखराचे बाकीचे तपशीलही ठाऊक नसणार.

विम्याची कागदपत्रे वाचताना दोन कलमे शोधावीत. एक उंचीच्या मर्यादेचे आणि दुसरे दोर, क्रॅम्पॉन वगैरे साधने वापरून केलेली चढाई वगळणारे. ट्रेकिंगसाठी घेतलेला विमा बेस कॅम्पपर्यंत चालेल, पण हेडवॉलवरच्या अपघातात तो नाकारला जाऊ शकतो. बुटांचे म्हणाल तर ते भाड्याने घ्यायला हरकत नाही, मात्र क्रॅम्पॉन त्याच बुटांवर बसवून, पाय झटकून पाहिल्याशिवाय दुकानातून हलू नये. उरलेली रक्कम भरण्याआधी छुकुंग किंवा बेस कॅम्पवरचा राखीव दिवस, एका गाईडमागे किती जण एका दोरावर असतील आणि परत फिरण्याची ठरलेली वेळ, या तीन गोष्टी एजन्सीकडून लेखी घ्याव्यात. फोनवर ‘तिथे गेल्यावर बघू’ असे उत्तर आले तर दुसरी एजन्सी शोधायला अजून वेळ असतो.