स्ट्रिंग थिअरीचा वाद वाचायचा कसा: एक वही, दोन पेनं आणि एक रविवार

गेल्या जूनमधली गोष्ट. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात गेलेला माझा एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, स्ट्रिंग थिअरी संपली म्हणे." पाऊण तासाचा एक व्हिडिओ त्याने दोनदा पाहिला होता. आठवड्यापूर्वी हाच मुलगा दुसरा व्हिडिओ पाहून विश्वाचं अंतिम समीकरण सापडल्याच्या आनंदात होता. आमच्याकडे, सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, या विषयावर बोलायला फारसं कुणी नसतं. मुलं मोबाईलवर एका पक्षाचं ऐकतात, मग दुसऱ्याचं ऐकतात, आणि जो जास्त ठासून बोलला त्याचं खरं मानतात. मी २७ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. कुणाच्या ठासून बोलण्यापायी एखाद्या हुशार मुलाने हा विषय सोडावा, हे मला बघवत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही शंभर पानी वही घेऊन बसलो. पुढे आणखी तिघांबरोबर तेच केलं आणि पद्धत जरा घोटून निघाली. ती इथे लिहिते. बी.एस्सी.पर्यंतचं भौतिकशास्त्र आलं की पुरे. सामान म्हणाल तर वही, एक निळं पेन, एक लाल पेन, इंटरनेट आणि एक मोकळा रविवार.

सगळ्यात आधी, जो लेख किंवा व्हिडिओ समोर आहे त्यातला "स्ट्रिंग थिअरी" हा शब्द जिथे जिथे येईल तिथे तो खोडा. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच खोडा. कारण या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी बसल्या आहेत, आणि त्यांतली कुठली अभिप्रेत आहे ते खोडलेल्या जागी लिहायचं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गणिती रचना. बिंदूसारख्या कणांऐवजी १० मितींत कंप पावणारे तंतू धरले, तर गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांत्रिकी एकमेकांना न मोडता एकत्र नांदतात का? दुसरी गोष्ट, हीच रचना आपल्या विश्वाची आहे हा दावा. आपला इलेक्ट्रॉन, आपले क्वार्क, त्यांची आपल्याला माहीत असलेली वस्तुमानं यातून निघतात, असं म्हणणं. तिसरी गोष्ट, या रचनेतून बाहेर पडलेली हत्यारं. १९९७ साली हुआन माल्दासेना यांनी गुरुत्वाकर्षण असलेला एक सिद्धांत आणि एक मिती कमी असलेला, गुरुत्वाकर्षण नसलेला सिद्धांत यांच्यात नातं मांडलं, ते यातलं सगळ्यात मोठं. आणि चौथी गोष्ट म्हणजे माणसं: यावर काम करणारी मंडळी, त्यांच्या नेमणुका, पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या) जागा, अनुदानं, परिषदा.

एवढं केलंत की अर्धा वाद तिथेच उलगडतो. टीकाकार बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीवर बोट ठेवतात. समर्थक उत्तर देतात ते पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीचं. "४० वर्षांत एकही प्रायोगिक पुरावा नाही" याला "पण १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका खास प्रकारच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी मोजून काढली आणि ती आधीपासून माहीत असलेल्या बेकेनस्टाइन-हॉकिंग सूत्राशी तंतोतंत जुळली" हे उत्तर मिळतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण पहिलं दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे आणि दुसरं पहिल्या गोष्टीबद्दल. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून भांडतात.

माझा विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांत कंटाळला होता. सहाव्या वेळी शब्द खोडताना तो थांबला. "मॅडम, यात कुठली लिहू? त्यालाच माहीत नाहीये." अशा जागी प्रश्नचिन्ह काढा. ज्या लेखात प्रश्नचिन्हं फार होतील तो बाजूला ठेवून दुसरा घ्या.

मग सनावळ. वहीचं एक पान आडवं धरा आणि १९६८ पासून सुरुवात करा. इथे घाई करू नका, कारण वादातले बरेचसे युक्तिवाद या इतिहासावरच उभे आहेत. १९६८ मध्ये गॅब्रिएले व्हेनेत्सियानो यांनी अणुकेंद्रातल्या प्रबल बलासाठी ऑयलरचं एक जुनं फल वापरलं. दोन वर्षांत नांबू, नील्सन आणि ससकिंड यांच्या लक्षात आलं की हे सूत्र कंप पावणाऱ्या तंतूचं आहे. पण प्रबल बलासाठी ही कल्पना चालली नाही. १९७३ नंतर क्वार्कांच्या सिद्धांताने ती जागा घेतली. तंतूंच्या गणितात एक नको असलेला पाहुणाही सारखा डोकवायचा: वस्तुमान शून्य आणि स्पिन २ असलेला कण. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्त्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे योनेया यांनी ओळखलं की हा पाहुणा म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा कण, ग्रॅव्हिटॉन आहे.

पुढची १० वर्षं फारसं कुणी तिकडे फिरकलं नाही. जॉन श्वार्त्झ कॅलटेकमध्ये होते, पण प्राध्यापक म्हणून नव्हे. संशोधकाच्या तात्पुरत्या जागेवर त्यांनी वर्षानुवर्षं काढली. १९८४ च्या उन्हाळ्यात त्यांनी आणि मायकल ग्रीन यांनी दाखवलं की सिद्धांत आतून फोडून टाकतील असे वाटणारे दोष एका विशिष्ट सममितीत एकमेकांना रद्द करतात. त्यानंतर लोंढाच आला.

ही हकीगत वहीत लिहून झाली की तिच्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडा, कारण दोन्ही पक्ष तिचा दाखला देतात. समर्थक म्हणतात, बघा, चिकाटीचं फळ मिळतं. टीकाकार म्हणतात, बघा, आजचा श्वार्त्झ दुसऱ्याच एखाद्या कल्पनेवर काम करत असेल तर त्याला तात्पुरती का होईना, जागा कोण देणार? २००६ साली ली स्मोलिन आणि पीटर वॉइट यांनी एकेक पुस्तक लिहून हा प्रश्न चारचौघांत आणला, आणि माझ्या मते त्यांच्या म्हणण्यातला हा भाग सगळ्यात भक्कम आहे. सिद्धांत खरा की खोटा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सिद्धांत उद्या खरा ठरला तरी तो प्रश्न उरतोच.

म्हणून पेनं दोन. निसर्गाबद्दलच्या वाक्याखाली निळी रेघ, माणसांबद्दलच्या वाक्याखाली लाल. "सर्नच्या यंत्राला २०१२ मध्ये हिग्ज सापडला, सुपरसिमेट्रीचे कण सापडले नाहीत" हे निळं. (सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची, कण एकमेकांवर आदळवणारी प्रयोगशाळा; सुपरसिमेट्री म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा ही कल्पना.) "सगळ्या जागा स्ट्रिंगवाल्यांना मिळतात" हे लाल. निळ्या वाक्याला विचारायचं: यामुळे चारांपैकी कुठल्या गोष्टीला धक्का बसतो? सुपरसिमेट्रीचं उदाहरण नीट पाहा. ती सर्नच्या ऊर्जेलाच दिसली पाहिजे असं स्ट्रिंग थिअरीचं गणित सांगत नाही, तेव्हा गणिती रचनेला धक्का नाही. पण यंत्र सुरू होण्याआधी ती तिथे सापडेल अशी आशा अनेकांनी उघडपणे बोलून दाखवली होती. ती आशा फोल ठरली, हेही निळ्या पेनने लिहा. नंतर "आम्ही तसं म्हटलंच नव्हतं" असं कुणी म्हणालं, तर ते पान उघडता येतं.

लाल वाक्याला मोजणी लागते. इथेच तुमचा रविवार जाणार आहे. आर्काइव्ह या संकेतस्थळावर शोधनिबंध फुकट वाचता येतात. १९९१ मध्ये ते सुरू झालं तेव्हाचा पहिला विभाग होता हेप-टीएच, म्हणजे उच्च ऊर्जेचं सैद्धांतिक भौतिकशास्त्र. कुठल्याही एका दिवसाची नव्या निबंधांची यादी उघडा, प्रत्येकाचं शीर्षक आणि सारांश वाचा, आणि वहीत रकाने पाडून खुणा करत जा: थेट तंतूंबद्दल, माल्दासेनांच्या नात्यावर आधारलेलं, साधा क्वांटम क्षेत्र सिद्धांत, कृष्णविवरं, विश्वरचना, इतर. सारांश पूर्ण कळला नाही तरी चालेल.

माझ्या विद्यार्थ्याला वाटत होतं, पहिला रकाना भरून वाहील. तो भरला नाही. माल्दासेनांच्या नात्याचा रकाना मोठा झाला आणि "कुठे टाकू?" असे कितीतरी उरले. मग त्याच्या लक्षात आलं की "वर्चस्व" किती आहे, ते हत्यारं वापरणाऱ्यांना स्ट्रिंगवाले म्हणायचं की नाही यावर ठरतं. दोन्ही बाजू आपल्याला सोयीचं तेवढं मोजतात. आणखी एक काळजी घ्या. लूप क्वांटम ग्रॅव्हिटी ही स्ट्रिंग थिअरीची मुख्य प्रतिस्पर्धी; तिचे बरेचसे निबंध जीआर-क्यूसी या वेगळ्या विभागात जातात. फक्त हेप-टीएच मोजून "पर्यायांना जागाच नाही" म्हणालात तर मोजणीच चुकली. दोन्ही विभागांचा एकच दिवस घ्या.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे. १ वर ५०० शून्यं. जास्तीच्या ६ मिती इतक्या बारीक दुमडलेल्या आहेत की दिसत नाहीत, आणि दुमडण्याच्या, त्यांत क्षेत्रं गुंडाळण्याच्या रीती इतक्या आहेत की आकडा साधारण तिथवर जातो. प्रत्येक रीतीचं भौतिकशास्त्र वेगळं. धन ऊर्जेचं, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढत जाणारं विश्व यातून कसं मिळेल, याची कृती २००३ मध्ये चौघांनी मांडली; त्यांतले संदीप त्रिवेदी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर). टीकाकारांचा आक्षेप असा की इतकी विश्वं पदरी असतील तर कुठलाही निकाल खपून जाईल. आक्षेप रास्त आहे. पण याच प्रश्नावर स्ट्रिंगवाल्यांचं आपसातही कडाक्याचं भांडण आहे, हे व्हिडिओंत क्वचितच येतं. २०१८ मध्ये वाफा आणि सहकाऱ्यांनी असा कयास मांडला की धन ऊर्जेचं असं स्थिर विश्व स्ट्रिंग थिअरीत मुळात बसतच नसावं. बाहेरच्यांनी घातलेला वाद आणि घरातला वाद यांसाठी वहीत वेगळी पानं ठेवा. घरातला वाद वाचायला अवघड असतो, पण शिकायला जास्त तिथेच मिळतं.

यानंतरची पायरी मुलं टाळतात: प्रतिस्पर्ध्यालाही त्याच परीक्षेला बसवा. लूप क्वांटम ग्रॅव्हिटीचा पाया १९८६ मध्ये अभय अष्टेकरांनी शोधलेल्या नव्या चलांवर उभा आहे, आणि अष्टेकर शिरपूरला जन्मलेले. आपला माणूस म्हणून त्यांच्या बाजूने मन झुकतं. माझंही झुकलं होतं. पण पलीकडच्या बाजूला कृष्णविवरांच्या एन्ट्रॉपीवर मोठं काम केलेले आतिश दाभोलकर गारगोटीचे आहेत, आणि अशोक सेन यांनी १९९४ मध्ये या क्षेत्राची दिशा बदलणारं काम केलं ते मुंबईत बसून. तेव्हा गाव बघून काही ठरत नाही. तेच चार प्रश्न लूपला विचारा. रचना सुसंगत आहे का? तिच्यातून मोठ्या अंतरावर आइन्स्टाइनचा सिद्धांत परत मिळतो का? हत्यारं किती निघाली? माणसं किती? दुसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर लूपला अजून देता आलेलं नाही, हे निळ्या पेनने लिहायला हवं.

प्रयोगाची अडचण तर दोघांनाही सारखीच आहे. ज्या ऊर्जेला गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम उघड दिसावेत ती सुमारे १ वर १९ शून्यं इतकी जीईव्ही. सर्नचं यंत्र पोचलं आहे १३,६०० जीईव्हीपर्यंत. भागाकार स्वतः करा. उत्तर १ वर १५ शून्यांच्या आसपास येईल. दोष एका पक्षाच्या आळसाचा नाही, गुरुत्वाकर्षण मुळातच इतकं दुबळं आहे. तरीही कधी कधी फट सापडते. २००९ मध्ये फर्मी दुर्बिणीने ७०० कोटींहून अधिक वर्षं प्रवास करून आलेला ३१ जीईव्हीचा एक फोटॉन टिपला. ऊर्जेनुसार प्रकाशाचा वेग बदलतो असं सांगणारी काही प्रारूपं त्या एका नोंदीने अडचणीत आली.

"सिद्धांताने धोका पत्करला" म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी कोलारचं उदाहरण देते. गुरुत्वाकर्षण सोडून बाकीची तीन बलं एकाच बलाची रूपं मानणाऱ्या १९७४ च्या एका एकीकरण सिद्धांताने स्पष्ट सांगितलं होतं की प्रोटॉनचा ऱ्हास होतो, आणि साधारण किती काळात होतो. १९८० पासून टीआयएफआरच्या लोकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत २ किलोमीटरहून खोल उपकरणं लावून वाट पाहिली. तिथे ऱ्हासाच्या असाव्यात असं वाटणाऱ्या काही नोंदी मिळाल्याही. पण अमेरिका आणि जपानमधल्या जमिनीखालच्या पाण्याच्या प्रचंड टाक्यांमध्ये ऱ्हास दिसला नाही, आणि त्या सिद्धांताचं सर्वात साधं रूप गेलं. त्याने स्वतःहून मान सुरीखाली ठेवली होती. स्ट्रिंग थिअरीने आपल्या विश्वाबद्दल अशी मान अजून ठेवलेली नाही. माझं मत विचाराल तर गणिती रचनेबद्दल मला आदर आहे, हत्यारांबद्दल कौतुक आहे, दुसरा दावा अजून कमावलेला नाही, आणि जागांच्या वाटणीबद्दल टीकाकारांचं ऐकायला हवं होतं ते पुरेसं ऐकलं गेलं नाही. तुमच्या वहीतून वेगळं मत निघालं तरी चालेल, फक्त प्रत्येक रेघेचा रंग सांगता आला पाहिजे.

पीएच.डी.साठी विषय निवडायचा असेल तर वहीचं शेवटचं पान गाइडसाठी ठेवा. मुलाखतीला जाण्याआधी त्यांच्या गटातल्या विद्यार्थ्यांचे अलीकडचे ३ निबंध काढून पाहा. त्यांना विचारा: तुमचे आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत? पहिल्या वर्षानंतर विषय बदलता येईल का? क्वांटम क्षेत्र सिद्धांत आणि सामान्य सापेक्षता मला इतकी पक्की शिकायला मिळेल का, की उद्या दुसऱ्या बाजूला जाऊनही काम करता येईल?

माझ्या विद्यार्थ्याने डिसेंबरमध्ये एका मुलाखतीत आणखी एक प्रश्न विचारला. तो मी सांगितलेला नव्हता, वहीतूनच त्याला सुचला. "सर, कुठला निकाल आला तर तुम्ही हा विषय सोडाल?" समोरचे प्राध्यापक बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग उठून फळ्याकडे गेले आणि २० मिनिटं बोलले. तुम्हीही विचारा, नम्रपणे, आणि मध्ये बोलू नका. बाहेर पडल्यावर बस येईपर्यंत जेवढं आठवेल तेवढं निळ्या पेनने लिहून काढा, वर तारीख घाला.