मूल अभ्यासाला बसत नाही? आधी आपल्या या चुका टाळा

अभ्यासाला बसून पंधरा मिनिटं झालेली असतात आणि पेन्सिलीला चौथ्यांदा टोक काढून होतं. मग तहान लागते. मग शू. मग खोडरबर सापडत नाही. मी मिरजेत घरीच संध्याकाळी पहिली ते पाचवीच्या मुलांचा अभ्यास घेते, त्याआधी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. शार्पनरची करकर पुन्हा पुन्हा ऐकू आली की मी हातातलं काम ठेवून त्या मुलाच्या वहीत डोकावते.

घरी याला टाइमपास म्हणतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो निरोप असतो: इथून पुढचं मला जमत नाहीये आणि ते सांगायची भीती वाटतेय. रागावणं, आमिष दाखवणं, 'तू तर किती हुशार' म्हणणं, हे आपले सगळे उपाय मुलाला खुर्चीत बसवण्यासाठी असतात. निरोप वाचायचा राहूनच जातो.

'आळशी आहे' म्हणून मोकळं होणं

तिसरीतला एक मुलगा माझ्याकडे आला. पाढे खणखणीत, तोंडी हिशेब चटचट. अंकलेखन म्हटलं की मात्र पोट दुखायला लागायचं. आई म्हणाली, "बाई, त्याला सगळं येतं हो, नुसता कंटाळा करतो." मी दहा संख्या सांगितल्या. त्रेचाळीसला त्याने ३४ लिहिले आणि एकोणसत्तरला ७९.

कंटाळ्याचा प्रश्नच नव्हता. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहितो मात्र उलट क्रमाने. त्रेचाळीस म्हटल्यावर त्याच्या कानावर आधी तीन पडायचे, म्हणून वहीतही आधी तीनच उतरायचे. एकोणसत्तरमध्ये 'सत्तर' तर स्पष्ट ऐकू येतं, शेवटी नऊ असतो एवढं आठवत असतं, झाले ७९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विषय विधानसभेपर्यंत गेला. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि मुलांना ही संख्यानावं अवघड जातात, हाच त्या बदलामागचा मुद्दा होता. नवी पद्धत कुणाला पटो न पटो (मला स्वतःला एकोणसत्तर सोडवत नाही), अडचण खरी आहे हे रोज वह्या तपासणारी कुठलीही बाई सांगेल.

त्या मुलाला मी दोनच गोष्टी सांगितल्या. एकोण म्हणजे एक उणा. आधी बाजूला ७० लिही, मग त्यातला एक काढ. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद, सगळी एकाच घरची भावंडं. नव्व्याण्णव तेवढा घराबाहेरचा. दुसरी गोष्ट, संख्या शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पेन्सिल कागदाला टेकवायची नाही. पोटदुखी पंधरवड्यात गेली. त्रेचाळीस अजूनही कधीतरी उलटा पडतो, पण आता तो स्वतःच हसून खोडतो.

घरी हे शोधायचं कसं? "का येत नाही?" असं विचारू नका, त्याचं उत्तर मुलाकडे नसतंच. "कुठपर्यंत येतंय ते दाखव" म्हणा. शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगा. वाचतानाच अडखळत असेल तर घोडं गणितात नाही, वाचनात अडलंय. तरीही पत्ता लागला नाही, तर मागच्या इयत्तेच्या पुस्तकातलं तसंच एखादं उदाहरण द्या. ते सुटलं तर अडचण नव्या धड्यात आहे, नाही सुटलं तर आणखी मागे जा. हे करताना "हे तर गेल्या वर्षीचं आहे!" असं उद्गारायचं नाही. तो उद्गार ऐकून मूल पुढचे सहा महिने अडलेलं दाखवत नाही.

दारातच "किती पडले?"

मूल साडेपाचला येतं. पाठीवर दप्तर, पायात बूट, पोटात भूक. आणि पहिला प्रश्न मार्कांचा. चाचणीत वीसपैकी सहा पडले असतील तर त्याने घरी येईपर्यंतच्या रिक्षात तुमचा चेहरा दहा वेळा मनात पाहून घेतलेला असतो. आधी पोहे द्या, शिरा द्या, काय असेल ते द्या. मार्क कुठे पळून जात नाहीत.

त्यानंतरची चूक जास्त सवयीची आहे: रडणं थांबवायची घाई. "त्यात काय रडायचं?", "मुलगा असून रडतोस?" आणि प्रेमळ घरांतलं "काही नाही होत, पुढच्या वेळी मिळतील". हे शेवटचं वाक्य मीही माझ्या लेकीला वर्षानुवर्षं ऐकवलं. ती मोठी झाल्यावर म्हणाली, "आई, तू तसं म्हणालीस की मला वाटायचं, तुला ऐकूनच घ्यायचं नाहीये." बोलती बंद झाली माझी.

मुलाला नेमकं काय वाटतंय त्याला शब्द द्या. आपल्या भाषेत त्याची ददात नाही. मैत्रिणीला जास्त पडले म्हणून हेवा वाटतोय, की वर्गासमोर पेपर वाचून दाखवला म्हणून ओशाळल्यासारखं झालंय? मेहनत करूनही कमी पडले म्हणून खट्टू झालीये, की बाईंचा धसका घेतलाय? या चारही गोष्टी बाहेरून रडण्यासारख्याच दिसतात, पण उपाय चारही निराळे. धसका घेतलेल्या मुलाला आणखी सराव देऊन काही होत नाही, आणि सरावच कमी पडलाय त्याला कुरवाळत बसूनही नाही. तुम्ही सुचवलेला शब्द चुकला तरी हरकत नाही. मूल "तसं नाही गं" म्हणतं आणि खरं काय ते सांगायला लागतं.

एक मात्र सांभाळा. रोज संध्याकाळी "आज कसं वाटतंय?" अशी मुलाखत सुरू केलीत तर चौथ्या दिवशी "मस्त" एवढंच उत्तर मिळेल. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, अंधारात पांघरुणात मुलं आपणहून बोलतात. समोरासमोर टेबलाशी फारशी बोलत नाहीत.

सायकलचं आमिष

"स्कॉलरशिपला आलास तर सायकल." शिष्यवृत्ती परीक्षेच्या आधी हे वाक्य घराघरांत असतं. आमिषाने काम होतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत साधा प्रयोग केला. चित्रं काढायला आधीपासूनच आवडणारी मुलं निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का नि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग मांडले. बक्षीस ठरवून चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड जशीच्या तशी होती.

यातून मी काय घेते? ज्याची मुळात गोडी आहे त्याला भाव लावू नका. गोष्टीची पुस्तकं वाचणाऱ्या मुलीला पुस्तकामागे दहा रुपये ठरवलेत तर ती पातळ पुस्तकं निवडायला लागेल, आणि चूक तिची नसेल. हस्ताक्षराची पानं किंवा सतराचा पाढा असल्या रुक्ष कामाला छोटंसं बक्षीस चालतं, तिथे मोडायला गोडी असतेच कुठे. आणि सायकल कबूल करून बसला असाल तर शब्द पाळा. आमिष चूक होतं हे तुम्हाला आता कळलं, त्याची शिक्षा मुलाला नको. पुढच्या वेळी मात्र निकालाआधीच, परीक्षा संपली म्हणून सगळ्यांनी मिळून भेळ खायला जा.

'हुशार' हा शब्द जपून

कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर या मानसशास्त्रज्ञांचं १९९८ सालचं संशोधन शिक्षकांच्या प्रशिक्षणात बऱ्याचदा येतं. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली. 'हुशार' मुलं पुढे सोप्याकडे वळली, त्यांची कामगिरी घसरली आणि दुसऱ्या मुलांना आपले गुण लिहून कळवायचे होते तेव्हा दहातल्या जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले. हुशारीचं बिरूद टिकवायचं म्हणजे काय काय करावं लागतं बघा.

पण यावरून घराघरांत "मेहनत कर, मेहनत कर" ची जपमाळ सुरू झाली आहे, तीही मला मान्य नाही. चुकीच्या रीतीने तीन तास घासलेल्या मुलाला मेहनतीची शाबासकी देणं म्हणजे त्याला आणखी तीन तास त्याच खड्ड्यात ढकलणं. काय केल्यामुळे जमलं ते सांगा: "तू आधी आकृती काढलीस ना, म्हणून सुटलं." एवढं पुरे. बाकी "शाब्बास" म्हणायला काही मोजमाप लागत नाही, ते मनमुराद म्हणा.

शेजारच्या मुलाशी तुलना करू नये हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी आपण करतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्या तरी चकचकीत प्रकल्पाचा फोटो येतो आणि रात्री अकराला आई कात्री-कार्डशीट घेऊन बसते. मूल झोपलेलं असतं. सकाळी त्याच्या हातात जे जातं ते आईचं असतं आणि ते त्यालाही माहीत असतं. वाकडंतिकडं का होईना, त्याचं त्याला करू द्या. मराठी आधी की गणित, टेबलावर की जमिनीवर, एवढं तरी त्याला ठरवू द्या.

जागा बदलली तर मूल बदलल्यासारखं दिसतं, याला महाराष्ट्रात जुना दाखला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलं शाळेत टिकेनात, कारण त्यांना गुरं राखायला जावं लागे. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. गुरं चरत असताना तिथेच, कुरणात शिकणं. 'या मुलांना शिक्षणाची आवड नाही' असा शेरा मारणं किती सोपं होतं!

घरचे उपाय कुठे थांबतात

काही खुणा दिसल्या तर वरचं सगळं बाजूला ठेवा. फळ्यावरचं उतरवताना ओळी गळतात, तर आधी डोळे तपासा. चष्मा लागल्यावर 'आळस' गेलेली निदान पाच-सहा मुलं मी पाहिली आहेत. तोंडी सगळं येतं पण तिसरी-चौथीतही वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, तर अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या. निदान झालं आणि प्रमाणपत्र असलं तर दहावी बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. शाळेत मारलं जातंय किंवा वर्गासमोर अपमान होतोय असं कळलं तर गप्प बसू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. आधी वर्गशिक्षकांशी शांतपणे बोला, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या. मूल खेळायचंही सोडून देतंय, झोप उडालीये, "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलतंय, तर त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

अशी घाईची वेळ नसेल, पण पोट वरचेवर दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन आठवडे एका वहीत टिपून ठेवा: पोट कधी दुखलं, कुठल्या तासाच्या आधी, सुट्टीच्या दिवशी दुखलं का. शुक्रवारी रात्री दुखत नाही आणि रविवारी रात्री दुखतं, एवढी एक नोंदही तपासणाऱ्याच्या फार कामाला येते.